पेवातला कंदील आणि पेशीतला पंप

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी मला ‘सोडियम-पोटॅशियम पंप’ हा विषय मिळालाय. पुस्तकात लिहिलंय की हे प्रथिन आपला आकार बदलतं, आणि फ्लुओरेसन्स व विद्युतप्रवाह एकाच वेळी मोजून शास्त्रज्ञांनी ही हालचाल ‘पाहिली’. एवढंसं प्रथिन हलताना खरंच दिसतं का? वर्गात विचारलं तर हे परीक्षेला येत नाही असं उत्तर मिळालं.
— एक विद्यार्थिनी, तासगाव

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ‘पाहिली’ हा शब्द तू अवतरणात टाकलास, तिथेच मला कळलं की तुला नीट शंका घेता येते. नाही, प्रथिन हलताना दिसत नाही. दिसतो तो उजेड कमीजास्त होताना. तो कशामुळे कमीजास्त झाला, ते आपल्याला शोधून काढावं लागतं. याच शोधात माझी पाच वर्षं जर्मनीतल्या एका अंधाऱ्या खोलीत गेली, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

माझं आजोळ हरिपूर. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची तिथली माती अशी, की तिच्यात खोल पेव खणून हळद भरली आणि तोंड लिंपून टाकलं तर वर्षानुवर्षं कीड लागत नाही. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत मात्र मोठ्या रांजणासारखी जागा. माझे आजोबा पेवांवर काम करायचे. पेव उघडलं की लगेच कुणाला उतरू द्यायचे नाहीत. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून हळूहळू खाली सोडायचा. ज्योत सरळ राहिली तर उतरायचं. मिणमिणली तर कंदील वर ओढून घ्यायचा आणि थांबायचं. आजोबांना खालची हवा दिसत नव्हती, फक्त ज्योत दिसत होती. पण ज्योतीवरून ते हवा ओळखायचे.

आम्ही प्रयोगशाळेत तेच केलं. पंप म्हणजे पेशीच्या पटलात बसून सोडियम बाहेर टाकणारं आणि पोटॅशियम आत आणणारं प्रथिन. हा पंप आहे मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या आसपास. ज्या उजेडात आपण बघतो त्याची लहरच त्याच्या कितीतरी पट लांब, तेव्हा साध्या सूक्ष्मदर्शकाने त्याचा आकार दिसणं शक्य नाही. मग त्याच्या अंगावर एक कंदील बांधायचा. हा कंदील म्हणजे ऱ्होडामिन जातीचा रंग. त्याच्यावर हिरवा उजेड पडला की तो नारिंगी उजेड परत देतो, यालाच फ्लुओरेसन्स म्हणतात. किती देतो, हे त्याच्या आजूबाजूला काय आहे यावर ठरतं. रंग उघड्या पाण्यात आहे, की प्रथिनाच्या घडीत, की त्याचा उजेड गिळणारं एखादं अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतला एक दुवा) शेजारी येऊन बसलंय, तसतसा तो कमीजास्त होतो. प्रथिन हललं की रंगाचा शेजार बदलतो आणि उजेड बदलतो.

आता प्रश्न हा, की कंदील बांधायचा कुठे? रंगाच्या रेणूला मॅलिमाइड नावाचा एक हुक असतो. तो सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाला घट्ट धरतो. म्हणजे पंपाच्या साखळीत आपल्याला हव्या त्या जागी सिस्टीन असलं पाहिजे, आणि बाहेरून हात पोचेल अशा दुसऱ्या कुठल्याही जागी नसलं पाहिजे. त्यासाठी पंपाच्या जनुकातली अक्षरं बदलतात. फ्रँकफर्टच्या गटाने २००३ साली हे सोडियम-पोटॅशियम पंपावर करून दाखवलं. पंपाची साखळी पेशीपटलातून दहा वेळा आरपार जाते. पाचव्या आणि सहाव्या फेरीच्या मधे बाहेरच्या बाजूला जो छोटा वळसा आहे, तिथलं ७९० क्रमांकाचं ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल काढून त्यांनी सिस्टीन बसवलं. त्याआधी, १९९६ मध्ये, हीच युक्ती ‘शेकर’ नावाच्या पोटॅशियम चॅनेलवर, म्हणजे पटलातल्या पोटॅशियमच्या दारावर, वापरली गेली होती. ‘व्होल्टेज क्लॅम्प फ्लुओरोमेट्री’ हे नाव तुला पुस्तकात सापडेल ते याच रीतीचं.

पंप बनवून घ्यायचा तो आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाच्या अंड्याकडून. अंडं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, मिलिमीटरभर किंवा थोडं मोठं. अर्धं तपकिरी, अर्धं दुधाळ. त्यात बदललेल्या जनुकाचा आरएनए बारीक सुईने टोचायचा आणि १८ अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायचं. अंडं तो निरोप वाचतं, पंप घडवतं आणि आपल्या पटलात बसवतं. बेडकाच्या अंड्याला परका आरएनए असा वाचता येतो, हे जॉन गर्डन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. आजही मला याचं आश्चर्य ओसरलेलं नाही. मेंढीच्या पंपाची कृती बेडकाच्या अंड्याला दिली तर ते मुकाट्याने मेंढीचा पंप करून देतं!

मग अंडं रंगाच्या पाण्यात बर्फावर काही मिनिटं भिजवायचं, धुवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं. तपकिरी बाजू भिंगाकडे, कारण दुधाळ बाजूचा स्वतःचाच उजेड जास्त असतो. खोलीतले दिवे बंद. आता दोन काचेच्या सुया. काचेची नळी तापवून ओढली की टोक केसाहून बारीक होतं. ती आतून पोकळ असते आणि तिच्यात पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण भरायचं. सुईचं टोक अंड्यावर टेकलं की पटल आत दबतं, गालाला खळी पडावी तसं. आणखी जरा पुढे ढकलायचं. खळी खोल होत जाते, श्वास धरलेला असतो, आणि अचानक खळी भरून येते. टोक आत गेलेलं असतं. त्याच क्षणी आकडा शून्यावरून उणे ३०-४० मिलिव्होल्टपर्यंत घसरतो. दुसऱ्या सुईचंही तसंच. माझे हात स्थिर व्हायला तीन महिने लागले.

एक सुई पटलाच्या आतबाहेरचं व्होल्टेज वाचते. दुसरी सुई, ते व्होल्टेज आपण ठरवलेल्या आकड्यावर राहावं म्हणून लागेल तेवढा प्रवाह आत सोडते. पटलातून जेवढा प्रवाह गळतो तेवढाच भरावा लागतो, म्हणून भरलेला मोजला की गळलेला कळतो. यालाच व्होल्टेज क्लॅम्प म्हणतात. हॉजकिन आणि हक्सली यांनी माखलीच्या जाड मज्जातंतूवर हेच तंत्र वापरून १९५२ मध्ये मज्जासंदेशाचं गणित मांडलं. आमच्या टेबलावर फरक एवढाच होता की प्रवाहाच्या जोडीने खालून उजेडही मोजला जात होता, त्याच अंड्याचा आणि त्याच क्षणी.

आता मुख्य प्रयोग, आणि हा भाग सेमिनारमध्ये सावकाश सांग. पंपाच्या दोन मुख्य ठेवणी आहेत. एकीत त्याचं तोंड पेशीच्या आत उघडं असतं, तिला ई-१ म्हणतात. दुसरीत बाहेर, ती ई-२. आतून तीन सोडियम घ्यायचे, ते बाहेर सोडायचे. बाहेरून दोन पोटॅशियम घ्यायचे, ते आत आणायचे. मग पुन्हा पहिल्यापासून. बाहेरच्या पाण्यातून पोटॅशियम काढून टाकला तर काय होईल? पंप सोडियम बाहेर सोडेल, पण परत येताना न्यायला काही नाही. फेरी पुरी होत नाही. तो दोन ठेवणींच्या मधे अडकतो आणि झोपाळ्यासारखा पुढेमागे होत राहतो. आता व्होल्टेज एकदम बदलायचं. पेशीची आतली बाजू धन केली की सोडियम बाहेर लोटला जातो आणि पंप ई-२ कडे कलतात. आतली बाजू खूप ऋण केली की बाहेरचा सोडियम परत आत शिरतो आणि पंप ई-१ कडे येतात. या लोटालोटीचा एक छोटासा प्रवाह दिसतो, सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा असा, उठतो आणि विरतो. आणि त्याच वेळी नारिंगी उजेडही आपली पातळी बदलतो.

दोन्ही रेषा एकमेकींवर ठेवून बघितल्या तर त्यांची चाल जुळते. व्होल्टेज जसजसं बदलावं तसतशी दोघींची गती बदलते, आणि तीही जुळते. फ्रँकफर्टच्या त्या कामातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट ही. प्रवाह सांगतो की सोडियम पटलातून सरकला. उजेड सांगतो की वळशाचा शेजार बदलला. दोघं एकाच ठोक्याला बोलतात, म्हणून म्हणता येतं की सोडियम सुटणं आणि पंपाची ठेवण बदलणं ही एकाच घटनेची दोन अंगं आहेत. नुसत्या प्रवाहावरून हे म्हणता आलं नसतं, नुसत्या उजेडावरून तर मुळीच नाही.

मुळीच नाही असं मी का म्हणते, ते ऐक. पहिल्या हिवाळ्यात मला फार सुंदर उजेड मिळाला. व्होल्टेज बदललं की तो डुलायचा, दर वेळी, शिस्तीत. सात आठवडे मी आलेख काढत बसले. मग गटातल्या एका वरिष्ठ बाईंनी माझ्या वहीची पानं उलटली आणि विचारलं, “बिनटोचलेली अंडी कुठे आहेत?” म्हणजे ज्यांना आरएनए दिलाच नाही, अशी अंडी. मी ती केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी केली, तर त्यांचाही उजेड डुलत होता. अंड्याच्या स्वतःच्या प्रथिनांवरही सिस्टीन असतात, त्यांनीही रंग धरला होता. माझ्या पंपाचा त्यात वाटा होता, पण किती, ते सांगता येत नव्हतं. सात आठवड्यांची पानं मी फाडली नाहीत. प्रत्येक पानावर लाल पेनने ‘नियंत्रण नाही’ एवढंच लिहिलं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

सेमिनारमध्ये कुणी विचारलं, “उजेड दहा टक्के बदलला म्हणजे प्रथिन किती हललं?” तर स्पष्ट सांग की हे उजेडावरून कळत नाही. कंदील मिणमिणला म्हणजे पेव किती खोल आहे ते कळत नाही, खालची हवा बदलली एवढंच कळतं. रंगाचा शेजार अगदी थोडक्या हालचालीनेही पुरता बदलू शकतो, आणि मोठ्या हालचालीतही तसाच राहू शकतो. अंतर आणि आकार हे स्फटिकांवरून काढलेल्या चित्रांत मिळतात. या पंपाचं तसं चित्र २००७ साली डुकराच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पंपावरून मिळालं, पोटॅशियम धरलेल्या ठेवणीचं. सोडियम धरलेल्या ठेवणीचं २०१३ मध्ये. पण ती चित्रं थांबलेली आहेत. एका ठेवणीतून दुसरीत जायला किती वेळ लागतो, व्होल्टेजने तो किती कमीजास्त होतो, कुठे रेंगाळतं, हे सांगायला कंदील आणि सुया लागतात.

आणि परीक्षेला येत नाही ते सोडून दे. तू विचारलंस, हे फार चांगलं झालं.

प्रश्न : ताई, पंप म्हटलं की आम्हा लोकांना म्हैसाळची उपसा योजना आठवते. मी अशाच एका योजनेच्या पंपगृहात पंधरा वर्षं ऑपरेटर होतो. मुलीच्या पुस्तकात ‘पेशीतला पंप’ वाचलं. त्याला वीज कोण देतं? आणि तिथे वीज मोजतात म्हणतात, ती पंप खातो ती की पंप तयार करतो ती?
— एक वाचक, कवठेमहांकाळ

उत्तर : दादा, तुमचा दुसरा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठले. वर्गात इतकी वर्षं शिकवलं, पण हा फरक इतक्या सरळ कुणी विचारला नव्हता.

पंप खातो ती वीज नव्हे. तो खातो एटीपी, म्हणजे अन्नातून पेशीने तयार केलेला ऊर्जेचा रेणू. एका फेरीला एक एटीपी. हे उघडकीला आलं १९५७ साली. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे येन्स स्कौ हे डॉक्टर खेकड्याच्या पायातल्या नसा वाटून, त्यात एटीपी कधी फुटतो ते तपासत होते. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असतील तरच तो जोरात फुटतो असं त्यांना दिसलं. त्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं ते १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी.

आम्ही मोजतो ती पंपाच्या कामातून तयार होणारी वीज. तीन धन कण बाहेर गेले, दोन आत आले, म्हणजे दर फेरीला एक धन भार बाहेर गेला. भार सरकला म्हणजे प्रवाह झाला. तुमच्या भाषेत सांगायचं तर आमची सुई पंपगृहाच्या वीजमीटरवर नसते, डिलिव्हरी पाइपाच्या तोंडाशी असते.

हा प्रवाह किती, त्याचा हिशोब तुम्हाला आवडेल. एका अंड्यात मिळतो तो प्रवाह अँपिअरच्या एक कोटीव्या भागाएवढा धरा. एक पंप सेकंदाला ३० फेऱ्या मारतो असं धरा, खोलीच्या तापमानाला हा आकडा वावगा नाही. एका फेरीला एक मूलभार, म्हणजे एका सोडियम कणावर असतो तेवढा भार. भागाकार केलात तर उत्तर येतं सुमारे २,१०० कोटी पंप. राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या अंड्यावर! एकट्या पंपाचा प्रवाह मोजायला जावं तर तो आपल्या उपकरणांच्या आवाक्याबाहेरच राहतो. आयन चॅनेलचं तसं नाही. चॅनेल म्हणजे उघडा दरवाजा, त्यातून सेकंदाला कोटीच्या घरात कण जातात, म्हणून एका चॅनेलचा प्रवाहही मोजता येतो. पंपाला उताराविरुद्ध उचलायचं असतं. एक दार बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर चढवलेलं सगळं परत खाली. म्हैसाळचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढतं आणि मागे येऊ नये म्हणून प्रत्येक पंपाला झडप असते, ते तुम्ही रोज पाहिलंय. पेशीतल्या पंपाचा हळूपणा त्याच कारणाने आहे.

आणि या उपशाचं बिलही मोठं असतं. आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा याच एका पंपावर खर्च होतो.

आता पाइपाच्या तोंडाशी काहीच दिसलं नाही, तर पंप बंद आहे असं म्हणायचं का? तुम्ही म्हणणार नाही, आधी आत जाऊन बघाल. पोटात आम्ल तयार करणारा एक पंप आहे. तो या पंपाचाच चुलतभाऊ. तो जेवढे धन कण बाहेर काढतो तेवढेच आत घेतो. हिशोब शून्य, प्रवाह शून्य. रात्रंदिवस चालू असला तरी आमच्या सुईला त्याची चाहूल लागत नाही. तिथे कंदीलच बांधावा लागतो, आणि तसे प्रयोग झालेही आहेत. उजेड बदलला, म्हणजे प्रवाह नसला तरी पंप ठेवणी बदलतोय.

या चुलतभावाची आणखी एक गोष्ट तुमच्या घरातल्या औषधाच्या डब्यातच आहे. ॲसिडिटीवर सकाळी उपाशीपोटी घेतात ती ओमेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलची गोळी आतड्यातून रक्तात उतरते, रक्तातून पोटाच्या आम्ल तयार करणाऱ्या पेशींपाशी पोचते, तिथल्या आम्लात तिचा रेणू बदलतो आणि पंपावरच्या ८१३ क्रमांकाच्या सिस्टीनला जाऊन चिकटतो. तेही पाचव्या-सहाव्या फेरीच्याच भागात. म्हणजे आम्ही ज्या तऱ्हेच्या खुंटीला रंग अडकवला, त्याच तऱ्हेच्या खुंटीला गोळी अडकते. फरक हा की ती पंप थांबवते.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना हृदयासाठी डिगॉक्सिन सुरू आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलाने मोबाइलवर वाचून सांगितलं की हे औषध शरीरातले ‘पंप बंद पाडतं’. तेव्हापासून त्या गोळी घ्यायला घाबरतात. खरं काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पहिली गोष्ट : डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू देऊ नका, आणि वाढवूही देऊ नका. या औषधाच्या उपयोगी मात्रेत आणि घातक मात्रेत अंतर थोडं आहे, म्हणून ते मोजूनमापूनच चालतं.

त्या मुलाने वाचलं ते खोटं नाही, अर्धं आहे. डिगॉक्सिन याच सोडियम-पोटॅशियम पंपाला बाहेरच्या बाजूने येऊन अडकतं. ठरलेल्या मात्रेत सगळे पंप बंद पडत नाहीत, थोडे पडतात. त्यामुळे हृदयाच्या पेशीत सोडियम जरासा वाढतो. सोडियम वाढला की कॅल्शियम बाहेर टाकणारी दुसरी यंत्रणा मंदावते. कॅल्शियम थोडा जास्त साठतो आणि हृदयाचा प्रत्येक ठोका जोरकस होतो. शिवाय ठोक्यांची अनियमित घाई या औषधाने कमी होते, बऱ्याच जणांना ते त्यासाठीच देतात. विल्यम विदरिंग या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी याच कुळातलं औषध देणाऱ्या डिजिटॅलिस या झाडाच्या पानांचा औषधी गुण १७८५ साली लिहून ठेवला, तेव्हा पंप हा शब्दही कुणाच्या मनात नव्हता.

सासूबाईंच्या बाबतीत एक गोष्ट मात्र नक्की लक्षात ठेवा. पोटॅशियम आणि डिगॉक्सिन पंपावर एकमेकांना अडवतात. रक्तातलं पोटॅशियम उतरलं की तीच गोळी जास्त चढते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, जुलाब, उलट्या यांनी पोटॅशियम उतरतं. म्हणून डॉक्टर अधूनमधून रक्त तपासायला सांगतात, ते टाळू नका. भूक मेली, मळमळ सुरू झाली, समोरचं पिवळसर दिसायला लागलं किंवा नाडी फार मंद वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

या औषधाच्या एका भावंडाशी माझा रोजचा संबंध होता. वाबेन त्याचं नाव. पूर्व आफ्रिकेत एका झाडाच्या खोडामुळातून ते काढून बाणांना लावत. प्रयोगाच्या शेवटी आम्ही ते अंड्यावर सोडायचो. पंप एका ठेवणीत गोठतात. प्रवाह जातो आणि व्होल्टेजबरोबर डुलणारा उजेड स्थिर होतो. इतका वेळ जे दिसलं ते पंपाचंच होतं, याची खात्री तेव्हा पटते. अंड्याचे स्वतःचे पंप थोड्याशाच वाबेनने थांबतात. आपण घातलेल्या पंपात दोन अमिनो आम्लं बदलून तो दणकट केलेला असतो, त्याला थांबवायला हजारपट मात्रा लागते. त्यामुळे कुणाचा प्रवाह कुठला, ते वेगळं काढता येतं. ही युक्ती निसर्गातली आहे. उंदराचा पंप मुळातच वाबेनला दाद देत नाही.

आणि तुमच्या दारातलं झाड. कण्हेर, आणि विशेषतः पिवळी कण्हेर, जिच्या बिया घेऊन खेड्यातली पोरं बिट्ट्या खेळतात. तिच्यातलं विष याच कुळातलं आहे आणि याच पंपाला जाऊन बसतं. दोन-चार बियांनीही माणूस दगावू शकतो. सासूबाईंना कुणी कण्हेरीचा काढा ‘हृदयाला चांगला’ म्हणून सुचवला तर त्या माणसाला दारातूनच परत पाठवा. अंगणात लहान मूल असेल तर पडलेल्या बिया आजच झाडून काढा. मी हे कळकळीने लिहिते आहे.

प्रश्न : माझ्या शाळेत सूक्ष्मदर्शक एकच आहे आणि तोही जुना. ‘शेजार बदलला की उजेड बदलतो’ हे नववीच्या मुलांना दाखवता येईल का?
— एक शिक्षक, कराड

उत्तर : येईल, आणि आपल्या हळदीने येईल. हळदीचा पिवळा रंग म्हणजे कुर्क्युमिन, आणि तोही फ्लुओरेसन्स देणारा आहे. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची छोटी टॉर्च आणा. दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट. दोन्हींत चिमूटभर हळद घालून हलवा आणि गाळ बसेपर्यंत दहा मिनिटं थांबा. खोली अंधारी करून बाजूने टॉर्च मारा. स्पिरिटमधली हळद हिरवट पिवळ्या उजेडाने पेटल्यासारखी दिसते, पाण्यातली मंद राहते. यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत, त्या मुलांना सांगा : पाण्यात कुर्क्युमिन नीट विरघळत नाही, आणि जे थोडं विरघळतं तेही पाण्याच्या शेजारात फार कमी उजेड देतं. हे वेगळं करायला आणखी दोन बाटल्या घ्या. स्पिरिटमधल्या हळदीच्या वरच्या स्वच्छ द्रावणाचे दोन-दोन थेंब एकीकडे दोन चमचे पाण्यात आणि दुसरीकडे दोन चमचे स्पिरिटमध्ये टाका. आता दोन्हीकडे हळद सारखीच आहे. तरी उजेडातला फरक राहतो.

स्पिरिट पेट घेतं, तेव्हा जवळपास काडी-मेणबत्ती नको, आणि टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मारायची नाही.

बाटल्यांखाली पांढरा कागद ठेवू नका. कागदात चकाकी आणणारी द्रव्यं असतात, तो स्वतःच निळा उजळतो आणि मुलं त्यालाच हळदीचा उजेड समजतात. काळा पुठ्ठा घ्या. आणि हळद घालण्याआधी नुसतं पाणी, नुसतं स्पिरिट आणि रिकामी बाटली अशी तिन्हींवर टॉर्च मारून काय दिसतं, ते मुलांना वहीत पहिल्या ओळीवर लिहायला लावा. काही स्वस्त काचाही उजळतात. तुमच्या बाटल्या उजळल्या तर मला कळवा.